लॅपटॉपची हार्ड डिस्क बिघडतेय का? कोल्हापूरकर वारंवार विचारतात ते प्रश्न

राजारामपुरीतल्या घरांपासून शिरोलीच्या कारखान्यांपर्यंत लॅपटॉप दुरुस्त करताना हेच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. खालची उत्तरं वाचण्याआधी एक विनंती आहे. डिस्कबद्दल शंका आली असेल, तर आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवून घ्या, तपासणी नंतर करा. बिघडत चाललेल्या डिस्ककडे चालण्याचे मोजकेच तास उरलेले असतात. ते फायली काढण्यात घालवायचे की निरनिराळे प्रयोग करण्यात, एवढंच आपल्या हातात असतं. टक-टक असा आवाज येत असेल तर मात्र काहीही न उतरवता लॅपटॉप बंद करा आणि दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी वाचा.

१. लॅपटॉप लई स्लो झालाय. हार्ड डिस्कच गेली म्हणायची का?

लगेच तसं म्हणू नका. मिनिटाला ५४०० फेरे घेणारी साधी हार्ड डिस्क विंडोज १० किंवा ११ वर नवी असतानाही रेंगाळते. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कपुढे १०० टक्के दिसलं, एवढ्यावरून निदान होत नाही. अपडेट उतरत असलं किंवा अँटिव्हायरस फायली चाळत असला तरी तोच आकडा दिसतो.

त्याच खिडकीत आणखी दोन आकडे असतात, ते बघा. वाचण्या-लिहिण्याचा वेग सेकंदाला ५०-१०० एमबीच्या आसपास असेल, तर डिस्क राबतेय, तिच्यावर फक्त कामाचा बोजा आहे. पण १०० टक्के दिसत असताना वेग शून्याजवळ पडून आहे आणि प्रतिसादाचा वेळ हजारो मिलिसेकंदांवर गेला आहे, असं दिसलं तर डिस्क कुठल्या तरी जागी अडून बसली आहे. खराब होत आलेला सेक्टर (डिस्कवरचा डेटा साठवायचा छोटा तुकडा) वाचता आला नाही की डिस्क हार मानत नाही, तीच जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते. तेवढा वेळ अख्खा लॅपटॉप गोठतो.

बाकीच्या खुणाही तशाच आहेत. कॉपी दर वेळी त्याच फायलीवर थांबते. एक ठरावीक फोल्डर उघडला की स्क्रीन पांढरी पडते. सुरू होताना विंडोज रोज ड्राइव्ह स्कॅन करायला बसते. फायलींची नावं विचित्र चिन्हांत दिसू लागतात. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिम नोंदींत ‘डिस्क’ या नावापुढे ७ क्रमांकाची नोंद म्हणजे बॅड ब्लॉक सापडला आणि १५३ म्हणजे काम पुन्हा करून बघावं लागलं. ७ क्रमांकाच्या नोंदींची रांग दिसली तर मी पुढच्या चाचणीची वाट बघत नाही, सरळ फायली काढायला घेतो.

२. आतून टक-टक, खर्र असा आवाज येतोय. किती दिवस चालेल?

दिवसांचा हिशेब करू नका, आत्ता बंद करा. डिस्कच्या आत तबकड्या वेगाने फिरतात आणि त्यांच्यावर केसापेक्षाही कितीतरी कमी अंतरावर वाचणारं हेड तरंगत असतं. ठरावीक लयीतला टक-टक आवाज बहुतेक वेळा हेड आपली जागा शोधतंय आणि ती सापडत नाही म्हणून परत फिरतंय, याचा असतो. खरवडल्यासारखा आवाज म्हणजे हेड तबकडीला टेकलं असण्याची शक्यता. अशा वेळी प्रत्येक मिनिटाला पृष्ठभागावरचा मुलामा आणि त्यासोबत तुमचा डेटा घासला जातो. तो नंतर कुठल्याही लॅबला परत आणता येत नाही.

आतलं महत्त्वाचं नसेल तर नवी डिस्क घ्या आणि विषय संपवा. महत्त्वाचं असेल तर ‘एकदा चालू करून बघू’ असं म्हणणाऱ्या कुणाच्याही हातात ती देऊ नका.

३. खात्रीने कसं कळेल? फुकटात तपासता येतं का?

येतं. प्रत्येक डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद ठेवते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात. क्रिस्टल डिस्क इन्फो हा मोफत प्रोग्रॅम ती दाखवतो. वर निळ्या रंगात ‘गुड’ दिसलं तरी तेवढ्यावर थांबू नका, खालची यादी वाचा. आकडे विचित्र वाटले तर सेटिंगमध्ये जाऊन ते दशमान पद्धतीत करून घ्या.

क्रमांक ०५ म्हणजे खराब झालेल्या जागा बाजूला काढून राखीव जागांवर हलवलेले सेक्टर. हा आकडा थोडा असेल आणि महिनोन्महिने हलत नसेल, तर डिस्क आणखी काही काळ काढू शकते. आठवड्यागणिक वाढत असेल तर तिची निवृत्ती ठरली. सी५ म्हणजे धड वाचता न येणारे, निर्णयाची वाट बघणारे सेक्टर. माझ्या लेखी हा सगळ्यात महत्त्वाचा आकडा आहे; तो शून्य नसेल तर आजच फायली काढा. सी६ म्हणजे वाचायचे प्रयत्न करूनही हाती न लागलेले सेक्टर. सी७ वाढला असेल तर आनंदाची शक्यता आहे: दोष बऱ्याचदा डिस्कचा नसतो, केबलचा किंवा ढिल्या कनेक्टरचा असतो. नवी डिस्क घ्यायच्या आधी ती केबल काढून पुन्हा बसवून बघा.

आणखी एक आकडा फारसं कुणी बघत नाही, तो म्हणजे सी०. वीज अचानक गेल्यामुळे हेडला घाईघाईने बाजूला पळावं लागलं, असे प्रसंग त्यात मोजले जातात. बॅटरी मेलेली आहे आणि लॅपटॉप वर्षानुवर्षं थेट चार्जरवर चालतोय, अशा घरांत आणि दुकानांत हा आकडा फुगलेला दिसतो. लाइट गेली की लॅपटॉप धाडकन बंद. नव्या डिस्कसोबत नवी बॅटरीही टाकून घ्या, असं मी अशांना कळकळीने सांगतो.

४. काळ्या स्क्रीनवर ३०१ का कायतरी आलंय. त्याचा अर्थ काय?

एचपीच्या लॅपटॉपवर ३०१ म्हणजे डिस्क स्वतःच्याच चाचणीत नापास होण्याच्या बेतात आहे, अशी सूचना. पुढे जायची मुभा मिळते म्हणून लोक एंटर दाबून महिनाभर काम करत राहतात, तसं करू नका. ३एफ० म्हणजे सुरू व्हायला डिस्कच सापडली नाही. ती मेलेली असेल किंवा नुसता कनेक्टर सुटला असेल. डेलवर २०००-०१४२ हा डिस्क चाचणीत नापास झाल्याचा कोड. विंडोज सुरूच होत नसली तरी या चाचण्या करता येतात: एचपीत सुरू होताना एफ२, डेलमध्ये एफ१२ दाबून डायग्नॉस्टिक्स निवडायचं.

५. ‘फॉरमॅट मारून बघू, नीट होईल’ असं दुकानात सांगितलं. मारू का?

फायली बाहेर काढून झालेल्या नसतील तर नको. आणि झालेल्या असतील तरी त्यातून मिळणारं समाधान खोटं असतं. खराब सेक्टरवर नव्याने लिहिलं की डिस्क त्याचा निकाल लावते, म्हणजे एक तर ती जागा तात्पुरती सुधारते किंवा राखीव जागेवर हलवली जाते. त्यामुळे सी५ चा आकडा शून्यावर येतो आणि डिस्क बरी झाल्यासारखी वाटते. मूळ झीज जिथल्या तिथे असते.

चेक डिस्क या विंडोजच्याच साधनाची सविस्तर दुरुस्तीही हाच धोका घेऊन येते. ती डिस्कचा कोपरा न् कोपरा तासन् तास वाचत बसते आणि फाइल सिस्टिम सावरताना तुटके दुवे छाटते. तिचं काम विंडोजची घडी नीट बसवणं आहे. तुमच्या मुलीच्या बारशाचे फोटो वाचवणं हे तिच्या यादीतच नाही. म्हणून ती चालवायची झाली तर सगळ्यात शेवटी.

६. फायली काढताना आधी काय घ्यायचं?

जे पुन्हा मिळणार नाही ते. सिनेमे, गाणी, सॉफ्टवेअरच्या सेटअप फायली शेवटी. एक टीबीची निरोगी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने वाचली तरी पावणेतीन तास लागतात. आजारी डिस्कला किती लागतील याचा नेम नाही. अख्खा ड्राइव्ह एकदम ओढू नका. एकेक फोल्डर घ्या, आणि एखाद्या फायलीवर अडलं तर ती वगळून पुढे जा.

घरांत फोटो आणि कागदपत्रांचे स्कॅन. डेस्कटॉप आणि डाउनलोड्स हे फोल्डर बघायला विसरू नका, निम्मं घर तिथेच ठेवलेलं असतं. विद्यार्थ्यांनी प्रबंध आणि त्याची मोजमापं आधी घ्यावीत; शिवाजी विद्यापीठातल्या संशोधक विद्यार्थ्यांचे चेहरे मी अशा वेळी पाहिले आहेत, त्यांच्यासाठी ती एक फाइल म्हणजे चार-पाच वर्षं असते.

व्यापाऱ्यांनी टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) बंद करून तिचा डेटा फोल्डर उचलावा. मार्केट यार्डातल्या अडतदाराचं असो की गुजरीतल्या सराफाचं, वर्षभराचं खातं त्या पाच-सहा आकडी नावांच्या फोल्डरांत असतं. फोल्डर कुठे आहे ते टॅलीतच कंपनी निवडताना दिसतं. तो मार्ग आजच कागदावर लिहून ठेवा. जुना मेल आउटलुकमध्ये असेल तर त्याची पीएसटी फाइल घ्या. डिजिटल सिग्नेचर टोकनमध्ये असते, ती डिस्कसोबत जात नाही. तिचा ड्रायव्हर तेवढा पुन्हा टाकावा लागतो.

छपाई, डीटीपी आणि पत्रलेखन करणाऱ्यांसाठी एक गोष्ट फार मोलाची आहे. श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधल्या फायलींत मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. आत इंग्रजी कीबोर्डची चिन्हं असतात आणि फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फाइल वाचली पण फॉन्ट गेला, तर पानभर निरर्थक चिन्हं दिसतात. ग्रामपंचायतीचे, पतसंस्थांचे, लग्नपत्रिकांचे कितीतरी जुने मजकूर आजही अशाच फॉन्टांत आहेत. विंडोजचा फॉन्ट्स फोल्डर सोबत उचलायला विसरू नका.

७. विंडोज सुरूच होत नाही. मग फायली कशा काढायच्या?

आवाज साधा असेल तर डिस्क मेली असं धरू नका. कित्येकदा फक्त विंडोजच्या फायली असलेली जागा खराब झालेली असते. पेन ड्राइव्हवरून उबंटू किंवा लिनक्स मिंट सुरू करा, डिस्कवर काहीही इन्स्टॉल न करता फोल्डर उघडतात का बघा आणि बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. नाहीतर डिस्क काढून साटा (लॅपटॉप डिस्कची नेहमीची जोडणी) ते यूएसबी केबलने दुसऱ्या संगणकाला जोडा. तिथे विंडोज ‘ही डिस्क फॉरमॅट करावी लागेल’ असं विचारेल, तेव्हा रद्द करा.

बॅड सेक्टर जास्त असतील तर लिनक्समधलं डीडीरेस्क्यू हे साधन सगळ्यात समजूतदार. ते आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं, अवघड जागांना शेवटी हात घालतं आणि कुठवर आलो याची नोंद ठेवतं, त्यामुळे मध्येच थांबलं तरी पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. मात्र कुठून कुठे कॉपी करायचं ते लिहिताना नावं दोनदा वाचा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डेटाला कुलूप लावणारं एन्क्रिप्शन. बऱ्याच नव्या लॅपटॉपांत ते आपोआप चालू असतं. डिस्क दुसरीकडे जोडली की ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते. लॅपटॉप घेताना दुकानातल्या पोराने त्याच्याच मेलने अकाउंट काढलं असेल, तर आज, सगळं चालू असतानाच, ते तपासून घ्या. कीशिवाय तो डेटा कुणीही उघडू शकत नाही.

८. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली तर चालते म्हणतात, खरं का?

नको. बाहेर काढल्यावर आत दव धरतं आणि तबकडीवरचा तो ओलावा हेडला घातक ठरतो. ठोकणं, हलवणं, झाकण उघडून बघणं, यांतलंही काही करू नका. उघड्या हवेतला धुळीचा एक कण हेडच्या अंतरापेक्षा मोठा असतो. तशीच दुसरी डिस्क आणून तिचं सर्किट बोर्ड लावण्याचा उपायही आता सहसा चालत नाही, कारण प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी तिच्या बोर्डावरच्या चिपमध्ये लिहिलेली असते.

हेड बदलायचं काम क्लीन रूम, म्हणजे धूळ गाळलेली खोली, असलेल्या लॅबचं. डिस्क पाठवण्याआधी तपासणीचं शुल्क किती, डेटा नाही मिळाला तर पैसे घेतात का, हे लेखी घ्या.

९. पुराच्या पाण्यात लॅपटॉप बुडाला होता. डेटा मिळेल का?

मिळण्याची शक्यता खरोखर असते, आपण नंतर काय करतो त्यावर ती अवलंबून आहे. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या पुढे गेली, धोक्याची पातळी ४३ फूट असताना. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागांत कपाटं, वह्या, संगणक सगळंच पाण्याखाली होतं. पाणी उतरल्यावर लोक लॅपटॉप उन्हात वाळवत आणि संध्याकाळी चालू करून बघत. हेच नेमकं टाळायचं.

बहुतेक लॅपटॉप डिस्कना हवेसाठी बारीक छिद्र असतं, त्यातून पाणी आणि गाळ आत जाऊ शकतो. गाळ वाळला की तबकडीला चिकटतो आणि डिस्क फिरवताच तो पृष्ठभाग ओरखडतो. म्हणून चालू करू नका, हेअर ड्रायर लावू नका, तांदळात पुरू नका. डिस्क ओलसरच हवाबंद प्लास्टिक पिशवीत घालून लवकरात लवकर डेटा रिकव्हरीच्या लॅबला द्या. बॅटरीवाला लॅपटॉप बुडाला असेल तर बॅटरी फुगली आहे का ते बघून मगच हात लावा. आणि पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठल्याची बातमी आली की, सखल भागात राहणाऱ्यांनी धान्याच्या पोत्यांबरोबर बॅकअपची डिस्कही वरच्या मजल्यावर न्यावी.

१०. आमच्या फाउंड्रीत दर दोन-एक वर्षांनी डिस्क जाते. डिस्कच खराब मिळतात का?

जागा तपासा. शिरोली, गोकुळ शिरगाव, उद्यमनगर इथे लॅपटॉप प्रेसशेजारच्या टेबलावर किंवा सीएनसी मशीनच्या अंगावरच ठेवलेला असतो. सततच्या हादऱ्यांत हेडला आपली रेघ धरून ठेवता येत नाही. लोखंडाची बारीक धूळ पंख्यात आणि पोर्टमध्ये बसते ती वेगळीच, आणि त्यातून आतली उष्णता वाढते. अशा ठिकाणी फिरती डिस्क वापरूच नये. एसएसडी म्हणजे चिपमध्ये डेटा साठवणारी डिस्क; तिच्यात हलणारा भाग नसल्याने हादऱ्यांचा प्रश्नच मिटतो.

मोटरसायकलवरून लॅपटॉप नेणाऱ्यांनाही हेच लागू. फिरती डिस्क असेल तर झाकण मिटून निघू नका, पूर्ण शट डाउन करा. झोपेतला लॅपटॉप पाठीवरच्या पिशवीत मधेच जागा झाला, तर गगनबावड्याच्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा फिरत्या डिस्कला सोसावा लागतो.

११. मग कुठली एसएसडी घेऊ?

आधी जागा बघा, मग ब्रँड. जुन्या लॅपटॉपात अडीच इंची साटा डिस्क असते. बहुतेक ठिकाणी ७ मिलिमीटर जाडीची एसएसडी बसते आणि ९.५ ची जागा असेल तर सोबतची चौकट चिकटवायची. नव्यांत एम डॉट टूची लांबट फट असते, सहसा २२ बाय ८० मिलिमीटरच्या पट्टीसाठी. फट तीच दिसली तरी काही लॅपटॉप साटा पट्टी घेतात, काही एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणीची) आणि काही दोन्ही. खाचांवरून अंदाज बांधण्यापेक्षा मॉडेलचं मॅन्युअल उघडा.

साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबीपर्यंत वाचते, एनव्हीएमई त्याच्या कितीतरी पट. तरी जुन्या लॅपटॉपला महागड्या पट्टीचा हट्ट करू नका. फिरत्या डिस्कला एखादी जागा गाठायला १०-१५ मिलिसेकंद लागतात, एसएसडीला सुमारे ०.१, दैनंदिन कामात जाणवतो तो हाच फरक, आणि तो साटातही मिळतो. बिलावर सिरीयल नंबर आणि वॉरंटीची वर्षं लिहून घ्या. फार स्वस्त मिळालेल्या अनोळखी एसएसडीत आपली एकमेव प्रत ठेवू नका.

१२. घरी बदलता येईल का?

मागे सरळ स्क्रू असलेला लॅपटॉप असेल तर येईल. शट डाउन करा, चार्जर काढा, झाकण उघडल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीची वायर सोडवणं, मग पॉवर बटण थोडा वेळ दाबून धरा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात; कागदावर लॅपटॉपची आकृती काढून ज्याचा स्क्रू त्या जागी ठेवा. लांब स्क्रू भलत्या जागी गेला तर कीबोर्ड किंवा बोर्ड फोडतो. झाकण उचकटायला स्क्रू ड्रायव्हर वापरू नका, जुनं प्लास्टिक कार्ड पुरतं. डिस्कच्या बाजूची धातूची चौकट नव्या डिस्कला लावायची असते, ती टाकून देऊ नका. काही मॉडेलांत डिस्कची केबल म्हणजे कागदासारखी पातळ पट्टी असते. ती कनेक्टरचं कुलूप उघडूनच काढायची, ओढायची नाही. वॉरंटी चालू असेल तर कंपनीच्या केंद्रात जा.

१३. क्लोन करू की नवीन विंडोज टाकू?

डिस्क निरोगी असून नुसता वेग हवा असेल तर क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची जशीच्या तशी प्रत, करा. डिस्क बिघडलेली असेल तर नवीन विंडोज टाका आणि फायली वेगळ्या आणा, असं माझं ठाम मत आहे. क्लोनमध्ये तुटलेल्या सिस्टिम फायलीही इमानेइतबारे सोबत येतात. लायसन्सची चिंता नको, विंडोजचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डाशी बांधलेलं असतं, डिस्क बदलली तरी जात नाही. टॅलीचं तसं नाही, जुनी डिस्क चालू असतानाच तिचं लायसन्स टॅलीतून सरेंडर (परत) करून घ्या.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, म्हणून लॅपटॉप पात्र असेल तर याच वेळी ११ वर जा.

१४. विंडोज टाकताना नवी एसएसडी यादीत दिसतच नाही!

अकराव्या पिढीच्या आणि पुढच्या बऱ्याच इंटेल लॅपटॉपांत हे होतं. एसएसडी खराब नसते. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून इंटेलचा रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर घ्या आणि विंडोज टाकताना डिस्कची यादी दिसते त्याच पानावर ‘लोड ड्रायव्हर’ करा.

१५. काढलेल्या जुन्या डिस्कचं काय करायचं?

नव्यावर सगळं उघडतंय याची खात्री होईपर्यंत तिला हात लावू नका. नंतर, चालत असेल तर क्विक नको, पूर्ण फॉरमॅट करा. त्यात सगळीकडे शून्यं लिहिली जातात. अजिबात चालत नसेल तर ड्रिलने आरपार भोक पाडा. अडीच इंची डिस्कच्या तबकड्या पुष्कळदा काचेच्या असतात आणि फुटून उडतात, डोळ्यांवर चष्मा हवाच. मग ती भंगारवाल्याला न देता अधिकृत ई-कचरा संकलनाला द्या. वॉरंटीत बदलून घेताना कंपनी जुनी डिस्क ठेवून घेते. आत काय आहे याचा विचार आधी करा.

१६. एसएसडी टाकली, आता बॅकअपची कटकट गेली ना?

उलट वाढली. फिरती डिस्क जाताना आवाज करते, रेंगाळते, इशारे देते. एसएसडी पुष्कळदा काल चालू असते आणि आज दिसत नाही. पुसलेल्या फायली परत मिळवणंही तिच्यात अवघड, कारण ती मोकळ्या झालेल्या जागा स्वतःहून साफ करते.

तीन प्रती ठेवा: एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक घराबाहेर. घराबाहेरच्या प्रतीला गूगल ड्राइव्हची मोफत १५ जीबी टॅलीचं खातं आणि कागदपत्रांसाठी भरपूर आहे. फोटो त्यात मावणार नाहीत, त्यांच्यासाठी दुसरी डिस्क भावाच्या किंवा आत्याच्या घरी ठेवा आणि दर दिवाळीला, पाडव्याला ताजी करा. बॅकअपची डिस्क कायम लॅपटॉपला जोडून ठेवू नका. व्हायरस आला तर दोन्ही एकदम जातात. आणि महिन्यातून एकदा बॅकअपमधली कुठलीही चार फोटो-फायली खरंच उघडून बघा.